हे खरे आहे काय?

गेल्या जूनमध्ये आठवीच्या वर्गात वर्गप्रतिनिधीची निवडणूक घेतली. हल्ली बऱ्याच शाळांत ती मोबाइलवरच्या मतदानयंत्राने होते, तशीच आमच्याकडेही. टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा, त्याच्या आत मोबाइल, त्यावर उमेदवारांची नावं आणि चिन्हं. बटण दाबलं की खऱ्या यंत्रासारखा लांब बीप वाजतो आणि त्या आवाजाला मुलं दर वेळी नव्याने खूश होतात. बोटावर स्केचपेनची रेघ, दारात स्काउटच्या गणवेशातला ‘पोलीस’, बाहेर व्हरांड्यात चपला काढून उभी राहिलेली रांग. बावन्न मुलं, तीन उमेदवार. निकाल फळ्यावर लिहिला: २१, १८, १३. पहिल्या मुलाला पोरांनी खांद्यावर घेतलं, कुणाच्या तरी दप्तरातून गुलालाची पुडी निघाली आणि शिपाईमामांना फरशी दोनदा पुसावी लागली. गलका ओसरल्यावर तिसऱ्या बाकावरची एक मुलगी डबा धुवायला जाता जाता टेबलाशी थांबली. ‘बाई, मी त्याला मत दिलं न्हाई. मग त्यो माझं कशाला मांडंल?’ मी म्हटलं, निवडून आलेला प्रतिनिधी सगळ्यांचा असतो. तिने फळ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘पण त्ये एकवीसच हाईत बाई. आमी एकतीस.’

एवढं बोलून ती नळाकडे गेली. मला मात्र दिवसभर दुसरं काही सुचेना.

तिचा हिशेब बिनचूक होता. पुढच्या तासाला मी वर्गाला माझ्या स्वतःच्या एका मताबद्दल सांगितलं. माध्यमिक शाळेत शिकवत असल्यामुळे विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात माझं नाव आहे; आमचा मतदारसंघ पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर अशा पाच जिल्ह्यांचा. तिथे यंत्र नसतं. लांबलचक मतपत्रिका हातात देतात, सोबत जांभळ्या शाईचा पेन, आणि नावांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहायचे. पहिल्या पसंतीची निम्म्याहून जास्त मतं कुणालाच मिळाली नाहीत, तर सगळ्यांत मागे असलेल्याला बाद करतात आणि त्याच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती पाहतात. मुलं म्हणाली, आपणही करून बघू. चिठ्ठ्या वाटल्या. पहिल्या पसंतीचे आकडे तेच आले. मग तेरावाल्याच्या चिठ्ठ्या उघडल्या, तर त्यातल्या नऊ दुसऱ्याकडे गेल्या आणि चार पहिल्याकडे. पंचवीस विरुद्ध सत्तावीस. त्याच वर्गाने, त्याच मनाने, मोजायची रीत बदलल्यावर दुसराच मुलगा निवडून दिला होता. खांद्यावर मिरवलेल्या पोराचा चेहरा उतरला. हा फक्त सराव आहे, नियम मतदानाच्या आधी ठरतो आणि निकालानंतर बदलत नाही, हे मी ठासून सांगितलं, तेव्हा कुठे तो हसला. मुलांना भारी वाटलं, मलाही वाटलं. पण तिसऱ्या बाकाकडे पाहिलं तर ती वहीत काहीतरी गिरवत होती. तिचा प्रश्न या रीतीनेही सुटत नव्हता. कसंही मोजा, पंचवीस जण उरतातच.

आठवीच्या पुस्तकात राज्यशास्त्राचा पहिलाच धडा ‘संसदीय शासनपद्धतीची ओळख’ हा आहे. इतकी वर्षं शिकवताना त्याची पानं मला पाठ झाली आहेत. मुलांनाही होतात. विधानसभेचे सदस्य २८८, विधान परिषदेचे ७८, विधानसभेसाठी वयाची २५ वर्षं पूर्ण हवीत, परिषदेसाठी ३०, हिवाळी अधिवेशन नागपूरला. रिकाम्या जागा भरा, योग्य पर्याय निवडा, एका वाक्यात उत्तरे लिहा. यात गैर काही नाही, आकडे माहीत हवेतच. पण एकदा मी सहज म्हटलं, ‘विधानसभेत दिवसभर काय चालतं, ते चार ओळींत लिहा,’ तर निम्म्याहून जास्त मुलांनी लिहिलं की तिथे भांडतात. काहींनी लिहिलं, कागद फाडतात. एकाने लिहिलं, ‘तिथे लोक बाके वाजवतात व टीव्हीवर दाखवतात.’ मोबाइलवर फिरणाऱ्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफिती त्यांच्यापर्यंत पोचतात, त्यातून त्यांनी जे पाहिलं तेच लिहिलं. त्या अर्ध्या मिनिटाच्या आधी आणि नंतर तिथे काय होतं, हे त्यांना कुणी दाखवलेलंच नाही.

आणि शाळेत आपण काय दाखवतो? शालेय मंत्रिमंडळ. महाराष्ट्रात क्वचितच एखादी शाळा असेल जिथे ते नाही. मुख्यमंत्री, उपमुख्यमंत्री, स्वच्छतामंत्री, पाणीमंत्री, सहलमंत्री, सांस्कृतिक मंत्री. परिपाठाला शपथविधी होतो, छातीवर बिल्ले लागतात, फोटो शाळेच्या ग्रुपवर जातो. ही मुलं मन लावून कामही करतात, त्यांचं कौतुक आहेच. पण एक गोष्ट मला त्या मुलीच्या प्रश्नानंतर लख्ख दिसली. आपल्या शाळांमध्ये मंत्रिमंडळ आहे, सभागृह नाही. मंत्री आहेत, पण त्यांनी ज्यांना उत्तर द्यायचं ते कुणीच नाही. विरोधी पक्षनेता कुठल्याही शाळेत निवडलेला मी पाहिलेला नाही. राज्यघटनेच्या १६४व्या अनुच्छेदात स्पष्ट म्हटलंय की मंत्रिमंडळ सामुदायिकरीत्या विधानसभेला जबाबदार असतं. मंत्री असतात ते सभागृहाच्या जिवावर. आपण मुलांना त्यातला बिल्ल्यांचा भाग तेवढा देतो आणि मग मोठेपणी लोक निकालाच्या दिवशी गुलाल खेळून घरी जातात, याचं आश्चर्य करतो.

निवडणुकीच्या ड्यूटीवर शिक्षकांइतकं कुणी जात नसेल. साहित्य ताब्यात घ्यायचं, एसटीत बसून नेमून दिलेल्या गावी जायचं, तिथल्या शाळेच्या फरशीवर सतरंजी टाकून रात्र काढायची, पहाटे यंत्र तपासायला अभिरूप मतदान, म्हणजे चाचणीचं, मग दिवसभर बोटांना शाई आणि नोंदवहीत सह्या-अंगठे. संध्याकाळी यंत्रावरचं ‘क्लोज’चं बटण दाबलं की एक थकलेलं समाधान वाटतं. मी ते बऱ्याचदा अनुभवलंय. बाहेर पारावर मात्र तोवर शांतता पसरलेली असते. झालं, पाच वर्षांचं काम उरकलं, असा सगळ्यांचा चेहरा. खरं काम तर त्यानंतर सुरू होतं.

ते खरं काम मी एकदा पाहिलंय. ओळखीच्या एका पत्रकाराने मुंबईच्या विधानभवनाचा पास मिळवून दिला होता. मोबाइल बाहेर जमा करायचा, तपासणीतून जायचं, प्रेक्षक गॅलरीत गप्प बसायचं, टाळ्या वाजवायच्या नाहीत. आत एसीचा गारवा, लाकडाच्या बाकांचा मंद वास, आणि खाली नजर टाकली तर बरीच बाकं रिकामी. संध्याकाळ उलटून गेली होती. सभागृह चालायला एकदशांश सदस्य लागतात, म्हणजे २९. तेवढे जेमतेम असावेत. एक आमदार उभे होते. त्यांच्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरची जागा किती महिने रिकामी आहे, बाळंतपणासाठी बायकांना किती लांब न्यावं लागतं, हे ते कागद वर-खाली करत सांगत होते. आवाज चढलेला नव्हता. दर दोन वाक्यांनंतर ‘अध्यक्ष महाराज’. बाजूच्या अधिकारी गॅलरीतून एक चिठ्ठी मंत्र्यांकडे सरकली, मंत्र्यांनी ती वाचली, पुन्हा मागे वळून पाहिलं, दुसरी चिठ्ठी आली. मग मंत्री उभे राहिले आणि त्यांनी पद भरण्याची मुदत सांगितली. आमदारांनी विचारलं, ‘निश्चित तारीख सांगणार का?’ कामकाज लिहून घेणारे प्रतिवेदक मान खाली घालून लिहीत होते. त्या गावातल्या कुणालाही त्या क्षणी माहीत नव्हतं की मुंबईत आपल्या दवाखान्याची तारीख कुणीतरी मागून घेतंय. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात दुपारचा गोंधळ होता, हा प्रसंग कुठेच नव्हता. मला आजही ते सभागृह म्हटलं की तो दमलेला, शांत आवाज आठवतो.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर त्या आवाजात होतं, असं मला वाटायला लागलं.

मग मी विधिमंडळाच्या संकेतस्थळावरून तारांकित प्रश्नांची एक यादी छापून वर्गात नेली. ज्यांनी ती कधी वाचली नसेल त्यांनी जरूर वाचावी. प्रश्नाची सुरुवात ठरलेली, ‘सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’. मग भाग पडतात. (१) अमुक तालुक्यातील अमुक पूल नादुरुस्त झाला आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली आहे, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? खाली उत्तरं. ‘हे खरे आहे.’ ‘हे अंशतः खरे आहे.’ ‘हे खरे नाही.’ आणि मुलांना बेहद्द आवडलेलं, ‘प्रश्न उद्भवत नाही.’ तारांकित असला तर मंत्र्याला सभागृहात उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित असला तर छापील उत्तरावर भागतं. वर्गाने यादीतले प्रश्न मोठ्याने वाचले. कुणाच्या तोंडी गोंदियाचा धान घोटाळा, कुणाच्या तोंडी कोकणातली साकवाची दुरुस्ती. साकव म्हणजे काय, ते आधी समजावून घ्यावं लागलं. आमच्या दुष्काळी भागातल्या पोरांनी ओढ्यावरचा लाकडी पूल कुठे पाहिलेला असतो? एका मुलाने विचारलं, ‘बाई, ह्ये सगळं खरंच छापून ठेवत्यात?’ हो म्हटल्यावर तो म्हणाला, ‘मग खोटं बोलायला भ्या वाटत आसंल.’

ऑगस्टपासून शनिवारच्या सकाळच्या शाळेत आम्ही आठवी-नववीचं मिळून एक सभागृह भरवतो. बाकं घोड्याच्या नालेसारखी लावायची. एका बाजूला मंत्री, समोर बाकीचे. अध्यक्ष म्हणून नववीतली एक मुलगी निवडली. तिचा आवाज बारीक आहे, पण दोनदा डस्टर आपटला की सगळे गप्प होतात. मंत्री तेच, बिल्लेवाले. प्रश्न बुधवारपर्यंत लेखी द्यायचे, म्हणजे मंत्र्यांना माहिती काढायला वेळ मिळतो. ऐनवेळी कोंडीत पकडण्यात मजा असली तरी त्यातून उत्तर मिळत नाही. पहिल्याच शनिवारी पहिला प्रश्न आला तो तिसऱ्या बाकावरून. तिने तो घोटून घोटून लिहिला होता. ‘(१) मुलींच्या स्वच्छतागृहातील नळाला मधल्या सुट्टीत पाणी नसते, हे खरे आहे काय, (२) असल्यास, त्याची कारणे काय आहेत, (३) पाणी केव्हापासून मिळेल?’ वाचताना तिचे कान लाल झाले होते. मुलांच्या बाजूने एक खसखस पिकली, अध्यक्षांनी डस्टर आपटला. पाणीमंत्री उभा राहिला. त्याने तीन दिवस टाकीवर चढून पाहणी केली होती. ‘हे खरे आहे,’ तो म्हणाला. शाळेला वीज पुरवणारा फीडर आठवड्यातले काही दिवस सकाळी बंद असतो, मोटार अकरानंतर चालू होते, टाकी भरते तोवर सुट्टी संपलेली असते. मुलांच्या बाजूची टाकी खालच्या उंचीवर असल्याने तिथे उरलेलं पाणी येतं. हे आम्हा शिक्षकांपैकी एकालाही माहीत नव्हतं. मोटार आदल्या दिवशी शाळा सुटताना लावून टाकी रात्रभर भरलेली ठेवायची, असं ठरलं. तिचा उपप्रश्न होता, ‘जिम्मेदारी कोणाची?’ एका शिपाईमामांचं आणि एका मुलाचं नाव नोंदवहीत लिहिलं गेलं. आता पाणी असतं.

या मंत्र्याला तिने मत दिलं नव्हतं. त्याला तिचं उत्तर मात्र द्यावं लागलं, तेही सगळ्यांसमोर.

मी हे सगळं गोड करून सांगत नाही. सभागृह भरवायला लागल्यापासून मुलं उत्तर चुकवायलाही शिकली. क्रीडामंत्र्याला व्हॉलीबॉलच्या जाळीबद्दल विचारलं तर त्याने सरळ ‘प्रश्न उद्भवत नाही’ म्हणून बसकण मारली. जाळी कपाटात फाटलेल्या अवस्थेत सगळ्यांना दिसत होती. एका ठरावाच्या वेळी नववीच्या मुलांनी मधल्या सुट्टीत आपल्या गटाला दम दिला की हात वर करायचा नाही. त्यातून व्हिपचा, म्हणजे पक्षादेशाचा, विषय निघाला, पक्षांतरबंदीचा निघाला, १९८५ मध्ये घटनेला जोडलेली दहावी अनुसूची निघाली. पक्षादेश मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं आणि त्याचा निर्णय अध्यक्ष करतात, हे सांगितलं. तेव्हा मागच्या बाकावरचा, एरवी कधी न बोलणारा एक मुलगा उठला. ‘बाई, ज्याला मत दिलं त्यो दुसरीकडं गेला, तर आमच्या घरच्यांचं मत कुठं गेलं?’ गेल्या काही वर्षांत आपल्या राज्यात काय काय झालं, ते या मुलांनी जेवताना टीव्हीवर पाहिलंय. वर्गात वेगवेगळ्या घरांतली मुलं आहेत, कुणाचे वडील एका गटाचे कार्यकर्ते, कुणाचा चुलता दुसऱ्या. मी बाजू घेतली असती तर सभागृह तिथेच मोडलं असतं. कायदा काय म्हणतो ते मी सांगितलं, तो कुठे तोकडा पडतो याबद्दल दोन्ही बाजूंनी काय बोललं जातं तेही सांगितलं. पण त्या मुलाचं समाधान झालं नाही, आणि खरं सांगायचं तर ते व्हावं असं मलाही वाटलं नाही. हा प्रश्न त्याने मनात ठेवूनच मोठं व्हावं.

विरोधी बाकावर बसायला मात्र सुरुवातीला कुणी तयार होईना. ‘तिकडं बसलं की हरल्यागत वाटतंय.’ तेव्हा मी त्यांना शेजारच्या सांगोल्याचं उदाहरण दिलं. गणपतराव देशमुख तिथून अकरा वेळा आमदार झाले; १९६२ मध्ये पहिल्यांदा निवडून आले, पुढे दोनदा पडलेही. मंत्रिपदाची अगदी थोडी वर्षं वगळली तर त्यांची सगळी कारकीर्द विरोधी बाकांवर गेली. त्यांना एसटीने येता-जाता पाहिलेली माणसं आमच्या भागात आजही भेटतात. एका मुलाच्या आजोबांनी पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी तो घरून गोष्ट घेऊन आला आणि पुढच्या शनिवारी आपणहून समोरच्या बाकावर जाऊन बसला.

कायदा कसा होतो हा धडा मात्र मी पगाराच्या चिठ्ठीवरून शिकवते. फळ्याला चिकटवते आणि कपातीच्या रकान्यात बोट ठेवायला सांगते. व्यवसाय कर, २०० रुपये. फेब्रुवारीत ३००. वर्षाचे अडीच हजार. ‘हे कुणी ठरवलं?’ मुलं म्हणतात, सरकारने. मग मी त्यांना आमच्याच तासगाव तालुक्यातल्या विसापूरला नेते, म्हणजे गोष्टीतून. तिथे १९६५ मध्ये ग्रामीण भागात हाताला काम देण्याचा एक प्रयोग झाला. त्यामागे वि. स. पागे होते, १९६० पासून १९७८ पर्यंत विधान परिषदेचे सभापती. मग १९७२चा दुष्काळ आला. माझी आजी दुष्काळी कामावर होती. विहिरी कोरड्या, दावणीची जनावरं गेलेली, आणि ती पाझर तलावाच्या बांधावर पाटी वाहत होती. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, तिचं नाव मुकादमाने चुकीचं लिहिलं होतं, ते तिला शेवटपर्यंत लागून राहिलं. खाणं म्हणजे लाल मिलोची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी; सुकडीचा वास पुढे कितीतरी वर्षं तिला सहन होत नसे. लहानपणी मला या गोष्टीत फक्त दुःख दिसायचं. मोठेपणी कळलं की तिची पाटी पुढे कायद्याच्या मजकुरात उतरली. रोजगार हमीचा खर्च कुठून काढायचा, यावर १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. पगारदारांनी दुष्काळातल्या मजुराच्या कामाला हातभार लावायचा, असं सभागृहाने ठरवलं. १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागितलं की पंधरा दिवसांत ते द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता. २००५ मध्ये देशाने कायदा केला तो आपल्या या कायद्याचा अनुभव समोर ठेवूनच. ही योजना नीट चालते की नाही हे पाहायला आपल्या विधिमंडळाची स्वतंत्र समितीसुद्धा आहे. काम मागण्याचा हक्क मिळाला म्हणजे दुष्काळ संपला असं झालं नाही, मस्टरवरची खोटी नावंही पुढे कितीतरी निघाली, हेही मुलांना सांगते. पण विसापूरचं शेत, आजीची पाटी, सभागृहातली चर्चा आणि बाईंच्या पगारातले दोनशे रुपये हे एकाच दोरीत ओवलेले आहेत, हे दिसलं की वर्ग गंभीर होतो. एक मुलगी उठून चिठ्ठीजवळ आली आणि त्या आकड्यावर हळूच बोट फिरवून गेली.

दिवाळीच्या आधी तिसऱ्या बाकावरच्या मुलीला मी आणखी एक गोष्ट दाखवली. मतदारसंघ आखताना मतदार मोजत नाहीत, लोकसंख्या मोजतात. घटनेच्या १७०व्या अनुच्छेदात तसं आहे. सध्याचे आपले मतदारसंघ २००१च्या जनगणनेवर आखलेले आहेत. त्या मोजणीत पाळण्यातली बाळंही धरलेली आहेत. ज्यांना मत देता येत नव्हतं, ज्यांनी दिलं नाही, ज्यांनी हरलेल्याला दिलं, त्या सगळ्यांची डोकी मोजून ती खुर्ची सभागृहात ठेवलेली आहे. ती बराच वेळ विचार करत होती. मग म्हणाली, ‘म्हंजे मला आत्ताच आमदाराला इचारता येतंय?’ येतं की. एरवी शाळा अकराला असते आणि वाडीहून येणारी एसटी साडेदहाला येते, पण शनिवारी शाळा सकाळची, तेव्हा गाडी साडेसातला हवी असते. तिच्यासारखी वाडीवरची मुलं शनिवारी चालत येतात. तिने तीन भागांतला प्रश्न आमदारांना पोस्टाने पाठवला. आगाराकडेही एक प्रत गेली. आमदारांच्या कार्यालयातून पोच आली, शिक्का आणि आवक क्रमांक असलेली. ती आता वर्गाच्या फळ्याशेजारी टाचणीने लावलेली आहे. गाडीची वेळ अजून बदललेली नाही. मुलं दर सोमवारी विचारतात, आणि मी दर सोमवारी सांगते की आपण स्मरणपत्र पाठवू. पहिलं पाठवूनही झालं.

या महिन्यात सभागृहापुढे स्नेहसंमेलनाचं अंदाजपत्रक आहे. आजवर ते आम्ही शिक्षक कार्यालयात बसून करत होतो. यंदा मुख्याध्यापकांना पटवून ते मुलांपुढे मांडायचं ठरवलं. मंडप, स्पीकर, फुलं, पाहुण्यांचा नारळ-शाल, कपडेपट भाड्याने. शुक्रवारी आठवीतल्या एका मुलाने माझ्याकडे कपात सूचना दिली. स्पीकरच्या रकमेत शंभर रुपयांची कपात. मी कार्यालयात कागद नेऊन दिला. सरांनी चष्मा कपाळावर चढवला. ‘शंभर रुपयांनी काय होणार हो? मंडपवाला ऐकणारसुद्धा नाही.’ मी सांगितलं, सभागृहात अशी नाममात्र कपात सुचवतात ती गाऱ्हाणं मांडायला मिळावं म्हणून. त्या मुलाचं म्हणणं आहे की दर वर्षी लहान वर्गांची नाटुकली दुपारच्या उन्हात फुटक्या माइकवर होतात आणि चांगला स्पीकर संध्याकाळी पाहुणे आल्यावर लागतो. त्यावर त्याला पाच मिनिटं बोलायचंय. सर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘म्हणजे शनिवारी मलाही यायला लागणार की काय?’

‘यायला हवं सर,’ मी म्हटलं. ‘उत्तर तुम्हालाच द्यायचंय.’